बिनतारी माऊस आणि पाच हात

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. सकाळी १० वाजून ४० मिनिटे.

शटर अर्धे वर केले होते आणि मी चार नंबरच्या टेबलावरची धूळ ओल्या फडक्याने पुसत होतो, तेवढ्यात श्रीधरदादा वाकून आत आले. त्यांनी एक काळा खोका माझ्या हातात दिला. खोका इतका हलका होता की मला वाटले, रिकामाच आहे.

"बिनतारी माऊस आहे, खास गेम खेळणाऱ्यांसाठीचा," दादा म्हणाले. "रायपूरच्या सप्लायरने नमुना दिलाय. वीस तारखेपर्यंत तुझ्याकडे ठेव. वीसला मला कागदावर लिहून दे, घ्यायचा की नाही. तू घ्या म्हणालास तर बारा घेईन. नको म्हणालास तर एकही नाही."

मी विचारले, "गुड्डूला नाही का देत? तो जास्त खेळतो."

"गुड्डू दहा मिनिटांत मस्त आहे म्हणेल, कारण दिसायला मस्त आहे. तू पंधरा दिवस नुसता मोजत बसशील. मला तोच माणूस पाहिजे."

श्रीधरदादा दुर्गचे. भिलाईच्या पावर हाउस भागात स्टेशनच्या बाजूला त्यांचे हे गेमिंग सेंटर आहे. बारा कॉम्प्युटर, तासाला तीस रुपये. मी इथे चौदा महिन्यांपासून आहे. एका माऊसची किंमत २,९५०, बाराचे झाले ३५,४००. माझा पगार ७,५००. माझ्या एका शब्दावर कोणी पस्तीस हजार ठेवेल असे मला कधी वाटले नव्हते. बारावीत दोनदा नापास झालो, आयटीआय अर्ध्यावर सोडली. आपण लिहून दिलेले चुकले तर काय?

म्हणून ही वही. मराठीत लिहितो, म्हणजे गुड्डूला वाचून चिडवता येणार नाही. माझी शाळा हिंदीतून झाली. मराठी लिहायला आईने घरी शिकवले. शब्द अडला की तिचा शब्दकोश आहे.

संध्याकाळी शेजारच्या सोनाराकडे माऊस तोलून घेतला. ६१.४ ग्रॅम. आमचा तारेचा माऊस तारेसकट १२२. सोनार म्हणाला, "ये तो चांदी का पायल भी नहीं हुआ, भाई."

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

पुस्तिका तीन वेळा वाचली. त्यात लिहिले आहे की हा माऊस आपली जागा सेकंदाला हजार वेळा कळवतो. कॉम्प्युटरला मागून करंगळीच्या नखाएवढा एक तुकडा लावायचा, त्याला रिसीव्हर म्हणतात. माऊस त्याच्याशी बोलतो. मधे काही नाही.

दुपारी गर्दी नव्हती. मी एक सेकंद मोजून पाहिला. मी एक आकडा नीट उच्चारीपर्यंत या माऊसने हजार वेळा सांगितले असेल, मी इथे आहे, मी इथे आहे. माऊस आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या हवेतून हात फिरवला. हाताला काहीच लागले नाही. तरीसुद्धा हात पटकन मागे घेतला, कोणाचे बोलणे तोडल्यासारखे वाटले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

डावे बटण ५,००० वेळा दाबले. एकदा दाबल्यावर दोनदा दाबले गेले असे एकदाही झाले नाही. बोट दुखते आहे. गुड्डू सारखा येऊन विचारत होता, "साइंटिस्ट साहब, चूहा ज़िंदा है?" गुड्डू एकोणीस वर्षांचा, आमच्या सेंटरचा चॅम्पियन. रोज चार तास खेळतो, उधारीवर.

मी ठरवले की एका हातावर निकाल द्यायचा नाही. पाच हात घ्यायचे: माझा, गुड्डूचा, दादांचा, आईचा, बाबांचा. प्रत्येकाकडून तीच एक चाचणी. पडद्यावर एक आडवी रेघ असते. तिच्यावरून डावीकडून उजवीकडे दहा सेकंदांत सावकाश जायचे. प्रोग्राम तुमची रेघ मोठी करून कागदावर छापून देतो. गुड्डूची रेघ जवळजवळ सरळ आली. माझी थोडी खाली उतरली. दादांची शेवटी घाईत वर गेली, तेव्हा त्यांना फोन आला होता.

पण एक वाईट गोष्ट झाली. चार नंबरच्या टेबलावर पडद्यावरचा बाण अडखळतो. चालता चालता थांबतो आणि एकदम पुढे उडी मारतो. आज अकरा वेळा झाले. गेममध्ये एकदा अडखळला की माणूस मेला. असे असेल तर 'नको' लिहावे लागेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

दादांना विचारून माऊस घरी मरोद्याला आणला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन तास चालवला. एकदाही अडखळला नाही! याचा अर्थ मला लागत नाही.

आईला खुर्चीवर बसवले. तिने माऊस असा धरला की जणू तो पळून जाईल.

"दाबू का? फुटन तं नाही?"

"नाही फुटत. या रेघेवरून हळू जा."

आई जीभ दातांत धरून गेली. रेघ गुड्डूपेक्षा सरळ! मी कागद तिला दाखवला. ती म्हणाली, "चाळीस वर्सं रांगोळी टाकून राहिली, बाप्पा. त्यात काय मोठं?"

बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले होते. बाबा, म्हणजे तेजराम, इथल्या स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर आहेत. वर केबिनमध्ये बसून वितळलेल्या लोखंडाची बादली उचलतात. तिला ते लॅडल म्हणतात, घरात मावणार नाही एवढी असते. एकतीस वर्षे झाली. रिटायरमेंटला चौदा महिने राहिले. पंचवीस तारखेला त्यांचे दर वर्षीचे मेडिकल आहे, ते झाले की शेवटपर्यंत केबिन त्यांचीच. आई त्या दिवशी उपास धरणार आहे. दर वर्षी धरत नव्हती.

"कायले पाह्यजे माझा हात?" बाबा म्हणाले. "त्या उंदराले माझ्या हातात मारशीन."

"एक रेघ फक्त."

बाबा बसले. रेघेवरून बरोबर गेले, कुठेही सोडली नाही. पण कागदावर रेघ बारीक लाटांची आली. करवतीच्या दातांसारखी, सगळे दात सारखे. मी मोजले, सेकंदाला पाच ते सहा.

"हे काय हाय?" बाबांनी विचारले.

"माऊसची चूक असेल. सेन्सर थरथरत असेल."

"दुसऱ्या कोनाची आली का अशी?"

"अजून नाही."

बाबांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि टेबलावर उलटा ठेवला. आईने चहा आणला, बाबांचा ग्लास अर्धाच. मी म्हटले, आई, बाबांना कमी का? ती म्हणाली, "त्याहिले लागते तितकाच देते मी." बाबांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला. थंडी अजून आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी.

लाटांची कारणे शोधतो आहे. (१) फ्रिज थरथरतो. बंद करून पाहिला. (२) खिडकीत प्लांटची लोखंडी धूळ बसते, ती सेन्सरखाली गेली असेल. चुंबक कागदात गुंडाळून टेबलावरून फिरवले, कागदाला काळी मिशी आली. टेबल पुसले. मग बाबांकडून परत एक रेघ घेतली. लाटा तशाच. मी न सांगता त्यांनी तिसरी काढली. मग चौथी. प्रत्येक वेळी कागद स्वतः प्रिंटरमधून ओढून घेत होते.

मला बरे वाटले. माझ्या कामात बाबांनी पहिल्यांदा रस घेतला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

आज बाबा न सांगता सेंटरवर आले. स्कूटर घरीच ठेवून ऑटोने आले. म्हणाले, "बाजारात काम होतं." हातात पिशवी नव्हती.

चार नंबरवर मी अडखळणे मोजत बसलो होतो. पावणेतीनपर्यंत नऊ. माझा अंदाज होता की मालगाडी जाते तेव्हा होते, म्हणून गाड्यांची वेळसुद्धा लिहून ठेवली होती. बाबांनी माझी यादी वाचली, टेबलाकडे पाहिले, वाकून खाली पाहिले, आणि बोटाच्या पेराने टेबलावर टकटक केले.

आमची टेबले सगळे येऊन बघून जातात. दादांनी प्लांटच्या लिलावातून लोखंडी प्लेट घेतली आणि वेल्डिंग करून बारा टेबले बनवली. वरचा पत्रा तीन मिलिमीटरचा. खाली कॉम्प्युटर ठेवायला लोखंडाचीच पेटी, तिला कुलूप, म्हणजे कोणी काही काढून नेणार नाही. भिलाईत लाकडाचे टेबल कोण करतो? आमच्याकडे पाळणासुद्धा लोखंडाचा असतो.

"त्याचा तो तुकडा कोठी हाय? आयकते तो?"

"रिसीव्हर? कॉम्प्युटरच्या मागे. पेटीत."

बाबा हसले. मी त्यांना असे हसताना फार दिवसांनी पाहिले. "अबे, मंग तुम्ही त्याले लोखंडात कोंडून ठेवलं नं! वरून हा बोंबलून राहिला, अन् आयकनारा खोलीत बंद. यार्डातली छोटी क्रेन रिमोटवर चालते. नवीन पोरं खांबाच्या आड उभे राहून बटनं दाबतात, अन् क्रेन हालत नाही का मंग क्रेनले शिव्या देतात. क्रेनवरच्या पेटीनं रिमोट पाह्यला पाह्यजे, एवढंच हाय."

"पण दुसऱ्या टेबलांवर कमी होते."

"त्याहिचं दार उघडं हाय. पाह्य."

खरोखरच. कुलपाचा कडक नियम दादांनी चार नंबरलाच लावला होता, कारण तिथून मागच्या वर्षी मेमरी चोरीला गेली. बाकीच्या पेट्यांची दारे गरम होते म्हणून आम्ही अर्धी उघडी ठेवतो. सहा दिवस मी मालगाड्या मोजत होतो!

गुड्डू ऐकत होता. म्हणाला, "चाचा, आप आ जाओ यहाँ नौकरी पे. इसको क्रेन पे भेज दो."

"हा क्रेनवर चढन तं खालचे सगळे घरी पळून जातीन," बाबा म्हणाले. गुड्डूला अर्धे समजले, पण पूर्ण हसला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.

साठ रुपयांची एक छोटी वायर घेतली. तिचे एक टोक कॉम्प्युटरला, दुसरे टोक पेटीच्या भोकातून वर टेबलावर, आणि त्यात तो तुकडा. माऊसच्या समोर वीतभर अंतरावर. पाच तास चालवला, अडखळणे शून्य. गुड्डू म्हणाला, "वायरलेस में वायर लगा दिया, वाह." म्हणू दे. मी शून्य दोनदा लिहिले, आकड्यात आणि अक्षरात.

बाबा आजही आले. आज एक वेगळीच गोष्ट झाली, ती नीट लिहायला हवी.

गुड्डू ठिपक्याचा सराव करत होता. पडद्यावर एक ठिपका इकडून तिकडे फिरतो, वेग बदलतो. बाण त्याच्यावर ठेवत राहायचे, एक मिनिट. किती वेळ ठिपक्यावर राहिलात त्याची टक्केवारी मिळते. गुड्डूची ७८. माझी ४१. बाबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "मी पाहू का?"

पहिल्या खेपेला ३०. दुसऱ्या खेपेला बाबा पंधरा सेकंद नुसते बघत बसले, हात हलवलाच नाही. ठिपका जात होता, येत होता, बाबा मान हलवत होते. मग हात टाकला. बाण ठिपक्यावर बसला आणि उतरला नाही. मी जवळून पाहिले, बाण थोडा थरथरत होता, पण ठिपक्याच्या आतच. ठिपका वळायच्या आधी बाबा वळत होते. पहिले पंधरा सेकंद फुकट घालवूनही ७१. तिसऱ्या खेपेला ८६.

सेंटरमध्ये सात मुले होती. सगळी उठून मागे आली. 

"चाचा, कैसे किया?" गुड्डूने विचारले.

"उसके पीछे नहीं भागने का," बाबा म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून मराठीत, "लॅडल झोका घेते नं, तं नवीन मानूस क्रेन उलटी ओढते. मंग झोका अजून वाढते. आपन त्या झोक्यासंगं जाचं. तो जिथं थांबनार हाय, तिथं त्याच्या आधी जाऊन उभं राहाचं. मंग तो आपोआप मरते."

मी एकवीस वर्षे या माणसाच्या घरात राहतो. ते रोज वर चढून काय करतात हे मला आज पावर हाउसला, तीस रुपये तासाच्या खुर्चीवर समजले. 

गुड्डू गंमत म्हणून बाबांच्या पाया पडला. पण उठताना त्याचा चेहरा गमतीचा नव्हता.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

अडखळणे संपले. बटणे ठीक. बॅटरी एका चार्जिंगला ६६ तास, कंपनी ७० म्हणते, हे चालण्यासारखे आहे. आता एकच गोष्ट बाकी राहते, बाबांच्या रेघेतल्या लाटा. त्यांचे कारण मिळाल्याशिवाय मी सही करू शकत नाही. माऊस कधी कधी थरथरत असेल तर बारापैकी किती थरथरतील?

सकाळी सुचले की तारेच्या माऊसवर बाबांची रेघ घेतलीच नाही. घरचा जुना माऊस लावला आणि म्हटले, बाबा, एकदा यावर. बाबांनी माझ्याकडे पाहिले. मग बसले आणि काढली.

दोन्ही कागद एकावर एक ठेवून मी खिडकीच्या काचेवर धरले. बाहेर ऊन होते.

आज एवढेच.

सोमवार, १७ फेब्रुवारी.

काल काही लिहिले नाही. आज लिहिणे भाग आहे.

काल सेंटरवर अहवालाची पाने लावत होतो. चार हातांच्या रेघा लावल्या. दादांनी वरवर बघितले. "चार हात? पुष्कळ झाले. मी तर एकाचीच अपेक्षा केली होती." मी हो म्हणालो. मी त्यांना पाचव्याबद्दल सांगितले नाही. चार हातांवरही माऊस चांगलाच ठरतो. कोणाचे काही बिघडत नाही, असे मी स्वतःला सांगत होतो.

आज बाबांची सुट्टी. सकाळी ते मागच्या अंगणात पपईच्या झाडाजवळ खाटेवर उन्हात बसले होते. माझी फाईल त्यांच्या मांडीवर.

"पाच हात म्हनला होता नं तू?"

"हो जी."

"चारच हायेत."

मी म्हटले, "दादा म्हणाले चार पुरे. तुमची लावली तर त्यांना वाटेल माऊस खराब आहे."

"हाय का खराब?"

"नाही."

"तुले कसं मालूम?"

 बाबांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेले दोन कागद काढले. माझ्या गादीखालून घेतले असणार. उन्हाकडे धरले. कागद हलत होते. वारा नव्हता.

"तारवाला अन् बिनतारवाला, दोन्हीवर एकच," बाबा म्हणाले. "मीनं बी काचेवर लावून पाह्यलं."

"थंडीने असेल."

"दोन वर्सं झाले, बेटा. उन्हाळे गेले मधात दोन." ते शांतपणे बोलत होते, हवामान सांगावे तसे. "हँडलवर हात टेकलेला असते, म्हनून काम निभते. तुही आई ग्लास अर्धा भरते, तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगतलं नाही. मेडिकलले डॉक्टर म्हनते हात पुढं करा. मी श्वास रोखून धरतो. दोन सेकंद पाह्यते, म्हनते जा, पुढचा पाठवा. यंदा बी निघून गेलो असतो." मग त्यांनी कागदावर बोट ठेवले. "या उंदरानं हजार खेपा पाह्यलं. त्याच्यासमोर श्वास रोखून काही होत नाही."

आई दारात उभी होती. तिच्या हातात पीठ होते. ती आत गेली नाही, बाहेरही आली नाही.

"तुमच्या लॅडलला काही झाले का कधी?" मी विचारले.

"नाही झालं. तुनं पाह्यलं नं त्या दिवशी, हात हालते तरी ठिपका नाही सोडला. अजून डोक्यात हाय सगळं. पन खाली बारा पोरं उभे राहतात. त्याहिले मालूम नाही का वर कागदावरची ही रेघ बसली हाय."

 मी म्हणालो, "चौदाच महिने राहिले आहेत, बाबा."

"म्हनूनच तं." त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. "पाचवी रेघ लाव. अन् खाली लिही जे हाय ते. तुले हे काम याच्यासाठीच देल्लं का नाही, का तू मोजते? मंग मोजलेलं खोडू नको."

मी तिथेच खाटेवर बसून लिहिले. बाबांनी वाचून दाखवायला सांगितले. 'पाचव्या हाताच्या रेघेत बारीक नियमित लाटा आहेत. तारेच्या माऊसवरही त्याच हाताच्या तशाच लाटा येतात. बिनतारी माऊसने हाताची हालचाल जशी होती तशीच दाखवली. माऊसमध्ये दोष नाही.'

शेवटचे वाक्य मी भरभर वाचले. बाबांनी ते माझ्याकडून परत वाचून घेतले.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

सकाळी अकरा वाजता दादांना अहवाल दिला. सोळा पाने. टेबलांचे सांगताना भीती वाटली, ती टेबले म्हणजे दादांचा अभिमान आहे. मी म्हटले, "दादा, चूक माऊसची नव्हती, आपल्या लोखंडाची होती." त्यांनी टेबलावर हात फिरवला. "हे बघ, टेबल मी बदलणार नाही."

"नाही बदलायचे. प्रत्येकी साठ रुपयांची वायर लागेल."

"साठ?" मग ते मोठ्याने हसले. "आणि हा पाचवा हात कोणाचा?"

"माझ्या बाबांचा."

दादांनी रेघ पाहिली, खालचे वाचले, परत रेघ पाहिली. त्यांच्या आईलाही काही वर्षे असेच होते, असे म्हणाले.  फाईल बंद करताना दोन्ही हातांनी केली. मग फोन उचलून रायपूरला बारा सांगितले.

घरी आलो तर बाबा घरी होते, भर शिफ्टच्या वेळी. आई त्यांच्यासमोर बसून वाटाणे सोलत होती. काय झाले ते आईने सांगितले. बाबा सकाळी ड्यूटीवर गेले ते केबिनकडे गेलेच नाहीत. सरळ साहेबांकडे गेले आणि म्हणाले, मेडिकल होईल तेव्हा होईल, मला आजपासून वर पाठवू नका. साहेबांना वाटले भांडण झाले कोणाशी. मग बाबांनी कागद टेबलावर ठेवला.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारले.

"खुर्ची देल्ली बसाले," बाबा म्हणाले. "एकतीस वर्सांत पहिल्यांदा."

आता ते खाली नवीन ऑपरेटर मुलांना शिकवतील. डॉक्टरांना दाखवायचे आहे ते सोमवारी. आईने आज चहाचा ग्लास पूर्ण भरला. बाबांच्या हातून थोडा बशीत सांडला.  बाबांनी बशीतला आधी प्यायला.

रविवार, २३ फेब्रुवारी. संध्याकाळी ५ वाजून १५ मिनिटे.

काल बारा खोके आले, आज सगळे लावून झाले. बारा टेबलांवर बारा तुकडे वर आलेले, सगळे आपापल्या माऊसकडे तोंड करून. गुड्डू आल्या आल्या एक हातात घेऊन म्हणाला, "मस्त है." पूर्ण दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

तीन वाजता बाबा आले. बरोबर दोन मुले, प्लांटच्या बुटांतच, माझ्याच वयाची. दोघे नवीन क्रेन ऑपरेटर. बाबांनी त्यांना सात आणि आठ नंबरवर बसवले आणि मला म्हणाले, "तो ठिपका लाव याहिले." मुले ठिपक्यामागे धावू लागली. एकाला २६, एकाला ३३. बाबा दोघांच्या खुर्च्यांमागे उभे होते, हात पाठीमागे बांधून. "भागो मत. रुको. देखो कहाँ जा रहा है." मुले थांबली, बघू लागली. गुड्डू आपला गेम सोडून नऊ नंबरवर येऊन बसला आणि तोही थांबून बघू लागला.

मी काउंटरवरून पाहत होतो. तिन्ही माऊस सेकंदाला हजार वेळा आपली जागा सांगत होते, आणि तिघांच्या मागे बाबा उभे होते. पाचव्या खेपेला ३३ वाल्याने ६४ केले. तो वळून बाबांकडे बघायला लागला, तर बाबा म्हणाले, "मले कायले पाह्यतो बे, ठिपका पाह्य."

या कामाचा हिशोब लिहून वही मिटतो.

खर्च: नमुन्याची वायर ६० रुपये. प्रिंटची ४६ पाने, दोन रुपयांप्रमाणे ९२. फाईल १५. माऊस घरी नेताना पडू नये म्हणून ऑटो, दोन वेळा, ८०. एकूण २४७. सोनाराने वजनाचे काही घेतले नाही.

परत मिळाले: दादांकडून २४७. वर ५०० देत होते, ते घेतले नाहीत. मग पगारात १,५०० वाढवले, ते घेतले.

जमा: सात आणि आठ नंबर, एक-एक तास, ६० रुपये. दादांनी नको म्हटले. बाबांनी गल्ल्यात टाकले, नोट टाकताना थोडा वेळ लागला.

येणे: गुड्डूकडून २१० रुपये. आणि बाबांची रेघ काढलेला कागद, एक. तो साहेबांच्या फायलीत आहे. मागणार नाही.

देणे: पैशात काही नाही.